घरचं वायफाय: अवघड काम एकदाच, बाकीच्यांना फक्त क्यूआर कोड

नवं फायबर कनेक्शन घेतलं की तंत्रज्ञ येतो, भिंतीला भोक पाडतो, राउटरचा डबा लावतो आणि जाता जाता विचारतो, "पासवर्ड काय ठेवू? तुमचा मोबाइल नंबरच टाकतो, लक्षात राहील." आपण हो म्हणतो, कारण त्या क्षणी घरात सगळ्यांना नेट चालू झालेलं हवं असतं. पुढची कित्येक वर्षं तोच नंबर पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना, रंगकामवाल्याला आणि एसीच्या मेकॅनिकला सांगितला जातो.

यात तंत्रज्ञाचा दोष नाही आणि घरच्यांचाही नाही. घरात जे सोपं असतं तेच टिकतं. म्हणून इथे एकच धोरण धरून पुढे जाऊ: अवघड काम घरातल्या एका माणसाने राउटरवर एकदाच, निवांत बसून करायचं. बाकीच्यांना, मग त्या आजी असोत, दहावीतली मुलगी असो की सुट्टीत आलेला मामा, फोनचा कॅमेरा क्यूआर कोडवर धरण्यापलीकडे काही करावं लागू नये. ज्या सेटिंगमुळे घरच्यांची कटकट वाढते आणि सुरक्षा मात्र काडीचीही वाढत नाही, ती सरळ सोडून द्या असंच मी सांगणार आहे. रविवारची एक दुपार हाताशी ठेवा.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून का चालत नाही

बहुतेक घरांत आज डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षापद्धत चालू असते. ती २००४ साली आली आणि तिचा पाया अजून भक्कम आहे. पण तिची एक उणीव आहे. तुमचा फोन वायफायला जोडला जात असताना राउटर आणि फोन यांच्यात जी देवाणघेवाण होते, ती जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला टिपून घेता येते. त्यानंतर त्याला तुमच्या घराजवळ थांबण्याची गरज उरत नाही. तो स्वतःच्या संगणकावर एकेक पासवर्ड घालून बघतो, आणि तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता हिशेब बघा. भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला १० लाख पासवर्ड सहज तपासतो. भागाकार केला तर ४,००० सेकंद येतात, तासाभराहून थोडंसं जास्त. आणि तुमचा नंबर सोसायटीच्या फलकावर किंवा दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असेल, तर एवढीही वाट बघावी लागत नाही. मुलांची नावं, जन्मतारखा आणि गाडीचे नंबर यांचीही हीच गत.

"आमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय?" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांना मी २००८ सालाची आठवण करून देतो. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग काढत तपास पथक पोहोचलं नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटमध्ये. त्याच्या वायफायचा वापर दुसऱ्याच कुणी केला होता. पुढच्या दोन महिन्यांत अशाच ईमेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. बाहेरच्या जगाला तुमच्या घरातून गेलेली प्रत्येक गोष्ट तुमच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. उत्तरं देण्याची वेळ पहिल्यांदा तुमच्यावर येते.

बसण्याआधीची तयारी

एक कागद घ्या आणि घरात वायफायवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू लिहून काढा. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही लगेच आठवतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डबा, स्मार्ट बल्ब, गीझरचा स्मार्ट प्लग, दाराची बेल, मुलाचं जुनं टॅबलेट आणि इन्व्हर्टर हे विसरले जातात. प्रत्येकासमोर एक खूण करा: यावर माणूस बसून काम करतो, की ही वस्तू आपोआप चालते? ही खूण पुढे फार कामाला येणार आहे.

शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवरूनच वायफायचं नाव बदललं तर अर्ध्यातच संपर्क तुटतो. केबल नसली तरी चालेल, फक्त प्रत्येक बदलानंतर नव्याने जोडून घ्यावं लागेल. घरात कुणाचा ऑनलाइन क्लास किंवा मुलाखत नाही ना, हे आधी विचारा. मध्येच नेट गेलं म्हणून घरच्यांनी वैतागून "राहू दे, होतं तसं कर" म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका.

राउटरच्या आत शिरणं

राउटरला पालथं करा. खाली चिकटवलेल्या लेबलवर आत जाण्याचा पत्ता, वापरनाव आणि मूळ पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१ दिसतो. हा पत्ता इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करा. गूगलच्या शोधचौकटीत टाकून आलेल्या दुव्यांवर जाऊ नका, त्यात मदत केंद्र असल्याचं सोंग घेतलेली पानंही असतात. लेबल पुसलं गेलं असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या नावासमोरचं चक्र दाबा, तिथल्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो पत्ता दिसतो तोच हा.

ब्राउझर कदाचित "हे पान सुरक्षित नाही" असा इशारा देईल. घरातल्या राउटरकडे संकेतस्थळांसारखं प्रमाणपत्र नसतं, म्हणून तसं होतं. पत्ता तुम्ही स्वतः टाइप केलेला असेल तर इथे, आणि फक्त इथेच, पुढे जा. बँकेच्या पानावर असा इशारा दिसला तर मात्र लगेच मागे फिरायचं.

काही कंपन्यांचं स्वतःचं ॲप असतं आणि नवख्याला ते ब्राउझरपेक्षा सोपं जातं. काही ठिकाणी मात्र कंपनीने दिलेल्या डब्याची आतली पानं ग्राहकाला कुलूपबंद असतात. मग ग्राहक सेवेला फोन करून वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षापद्धत त्यांच्याकडून बदलून घ्या. तुम्ही ग्राहक आहात, मागणी रास्त आहे.

आधी ॲडमिनचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड ही दाराची किल्ली. ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. तरीही असंख्य घरांत ॲडमिनचं वापरनाव आणि पासवर्ड या दोन्ही जागी कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा शब्द वर्षानुवर्षं तसाच असतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ अशा कारखानी पासवर्डांची एक छोटी यादी एकामागून एक वापरून. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच फौजेने, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळं काही तास अनेकांना उघडेनाशी झाली.

म्हणून आत गेल्यावर पहिलं काम हेच. 'ॲडमिनिस्ट्रेशन', 'सिस्टिम' किंवा 'मॅनेजमेंट' या नावाखाली ते सापडेल. हा पासवर्ड वर्षातून एखाद-दोनदाच लागतो, त्यामुळे तो लक्षात राहणारच नाही. कागदावर लिहा आणि वीजबिलं ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला ऑफिसच्या टेबलासाठी ठीक आहे. घराच्या कपाटातल्या फाइलपर्यंत इंटरनेटवरचा चोर पोहोचत नाही, आणि विसरलेल्या पासवर्डपायी राउटर रीसेट करून सगळं मूळपदावर आणण्यापेक्षा कागद कितीतरी बरा.

याच बैठकीत राउटरचं सॉफ्टवेअरही ताजं करून घ्या. 'फर्मवेअर अपग्रेड' नावाचं बटण असतं. आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू करून विसरून जा. २०१७ मध्ये मॅथी वॅनहूफ या बेल्जियन संशोधकाने डब्ल्यूपीए-२ मधली 'क्रॅक' नावाची त्रुटी दाखवून दिली. पासवर्ड बदलून ती जात नव्हती, फोन आणि राउटर अपडेट करणं हाच त्यावरचा इलाज होता. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो, म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळा.

नाव, पद्धत आणि पासवर्ड

नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका. कुठलं घर कुणाचं, हे रस्त्यावरच्या माणसाला कळण्याचं कारण नाही. कारखान्यातून आलेलं नावही ठेवू नका. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्डची किल्ली तयार करताना नेटवर्कचं नाव त्यात मिसळलं जातं, त्यामुळे सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी हल्लेखोर आधीच गणितं करून ठेवतात. स्वतःचं वेगळं नाव ठेवलं की ती तयारी फुकट जाते. नाव मराठीत लिहिण्याचा मोह मलाही होतो, पण काही स्वस्त बल्ब आणि प्लग देवनागरी किंवा इमोजी असलेलं नाव बघून अडतात. साधी रोमन अक्षरं आणि आकडे एवढ्यावरच भागवा.

सुरक्षापद्धतीच्या यादीत डब्ल्यूपीए-३ दिसत असेल तर उत्तम. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत जिन्यातली ती चोरी चालत नाही: देवाणघेवाण टिपून घेतली तरी घरी जाऊन पासवर्डांचा मारा करता येत नाही, प्रत्येक प्रयत्न तुमच्या राउटरशी प्रत्यक्ष बोलूनच करावा लागतो. मात्र जुने फोन आणि प्रिंटर तिला ओळखत नाहीत. अशा मिश्र घरासाठी 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' हा जोडपर्याय निवडा. तोही नसेल तर 'डब्ल्यूपीए-२ एईएस'. 'टीकेआयपी' आणि 'डब्ल्यूईपी' ही जुन्या, कमकुवत पद्धतींची नावं दिसली तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलेली आहे. राउटरमध्ये त्याहून चांगला पर्यायच नसेल, तर तो राउटर बदलण्याची वेळ होऊन गेली आहे.

आता पासवर्ड. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सोय आणि सुरक्षा यांची गाठ इथेच पडते.

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. बहुतेक लोक आठ-नऊ अक्षरांत एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह कोंबतात. असा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने टाइप करून बघा. प्रत्येक चिन्हासाठी पडद्यावरचा कीबोर्ड बदला, बाण दाबत दाबत अक्षरापर्यंत जा, चुकलं की पहिल्यापासून. शेवटी कुणीतरी म्हणतं, "साधा ठेव ना!" आणि मोबाइल नंबर परत येतो.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्या आणि सगळी लहान रोमन अक्षरं वापरून, मध्ये जागा न सोडता सलग लिहा. पतंग, बटाटा, विमान, कागद, रिमोट अशा धर्तीचे. हे पाच शब्द आता छापले गेले, तेव्हा हेच वापरू नका. शब्द डोक्याने निवडू नका, कारण आपलं डोकं देव, मुलं आणि आवडते पदार्थ यांच्याकडेच धावतं. शब्दकोश किंवा एखादं जाडं पुस्तक कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा आणि बोटाखालचं नाम घ्या. स्पेलिंग एकाच प्रकारे होईल असा शब्द आला तर ठेवा, 'खिडकी' किंवा 'लसूण' आला तर पुन्हा बोट ठेवा, नाहीतर मधे 'ए' होता की नव्हता यावर घरात वाद होईल. असा पासवर्ड पंचवीसेक अक्षरांचा होतो, फोनवरून सांगता येतो, रिमोटने टाइप करता येतो आणि ४०० कोटींच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

पाहुण्यांचं नेटवर्क, आणि जुन्या नावाची युक्ती

बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्यावर जोडलेल्या वस्तूला इंटरनेट मिळतं, पण तुमच्या लॅपटॉपपर्यंत जाता येत नाही. नावात पाहुणे असले तरी घरातल्या आपोआप चालणाऱ्या वस्तूंसाठी ही जागा मला जास्त महत्त्वाची वाटते. चारशे रुपयांच्या बल्बला पुढची पाच वर्षं अपडेट मिळतील अशी अपेक्षा करता येत नाही. तो बिघडला किंवा कुणाच्या ताब्यात गेला, तरी ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्याच्या शेजारी तो नसावा.

पण बल्ब, प्लग, बेल, कॅमेरा, सगळ्यांना नव्याने जोडायचं म्हणजे शिडीवर चढून प्रत्येकाचं बटण दाबत बसायचं. या भीतीपोटीच लोक पासवर्ड बदलत नाहीत. त्यावर एक युक्ती आहे: तुमच्या वायफायचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड जसाच्या तसा गेस्ट नेटवर्कला द्या, आणि मुख्य नेटवर्कला नवं नाव व नवा पासवर्ड. क्रम महत्त्वाचा आहे, आधी मुख्य नेटवर्कचं नाव बदला, मग गेस्टला जुनं नाव द्या. राउटर पुन्हा चालू झाला की घरभरचे बल्ब आणि प्लग आपलं ओळखीचं नाव शोधतात आणि गुपचूप गेस्ट नेटवर्कवर जाऊन बसतात. तुम्हाला एकाही वस्तूला हात लावावा लागत नाही. नव्या नावावर आणायच्या त्या फक्त माणसांच्या वस्तू, म्हणजे फोन, लॅपटॉप, टॅबलेट. त्यांवर जुनं नेटवर्क 'विसरा' किंवा 'फर्गेट' करायला चुकू नका, नाहीतर ते सवयीने तिकडेच जातील.

या युक्तीची मर्यादाही सांगतो. जुना पासवर्ड मोबाइल नंबर असेल, तर गेस्ट नेटवर्कचं दार तसंच उघडं राहतं, आणि सानपाड्यासारखा प्रसंग गेस्ट नेटवर्कवरूनही ओढवू शकतो. अशा घरात हा तात्पुरता पूल समजा. मुख्य नेटवर्क आजच सुरक्षित होतं, आणि पुढच्या दोन-तीन रविवारी एकेक वस्तू नव्या गेस्ट पासवर्डवर नेता येते. जुना पासवर्ड बरा असेल आणि फारसा पसरलेला नसेल, तर काम तिथेच संपलं.

दोन बारकावे. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर ठेवा. बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग तेवढंच जाणतात, आणि "ॲपमध्ये डिव्हाइस सापडत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा फोन ५ गिगाहर्ट्झवर असणं हेच कारण असतं. दुसरं, फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ फेकायचा असेल किंवा फोनवरून प्रिंट द्यायची असेल, तर दोन्ही वस्तू एकाच नेटवर्कवर लागतात. तेव्हा प्रिंटर आणि कास्टिंगचा टीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवा. इथे मी सुरक्षेपेक्षा सोयीला झुकतं माप देतो, कारण टीव्ही चालेनासा झाला तर घरचे संध्याकाळपर्यंत सगळंच उलटं फिरवतील.

कंपनीच्या डब्यात गेस्ट नेटवर्कच नसेल, तर स्वतःचा एक राउटर विकत घ्या आणि केबलने त्या डब्याला जोडा. मुख्य वायफाय तुमच्या राउटरवर, आणि डब्याचं जुनं वायफाय बल्ब-प्लगसाठी तसंच चालू. डब्यावरच्या वस्तूंना तुमच्या राउटरच्या आत सहजासहजी शिरता येत नाही, त्यामुळे बरंचसं तेच काम साधतं.

बंद करायच्या तीन गोष्टी, सोडून द्यायच्या दोन

डब्ल्यूपीएसचा पिन बंद करा. ही सोय २००७ मध्ये आली ती सामान्य माणसाला पासवर्ड टाइप करावा लागू नये म्हणून, आणि हेतू फार चांगला होता. पण आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो आणि राउटर उरलेला पिन दोन तुकड्यांत तपासतो: पहिल्या चार आकड्यांचे १०,००० आणि पुढच्या तिनांचे १,०००, म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ च्या अखेरीला श्टेफान फीबॉक यांनी हे उघड केलं. मग पंचवीस अक्षरी पासवर्ड असून उपयोग काय? बटण दाबून जोडण्याची पद्धत त्या मानाने बरी, कारण ती दोन मिनिटंच उघडी असते. जुन्या प्रिंटरला तिच्याशिवाय जोडता येत नसेल तर जोडून घ्या आणि मग तीही बंद करा.

'रिमोट मॅनेजमेंट' म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून तुमच्या राउटरच्या पानात शिरण्याची वाट. तुम्हाला तिचं काही काम नाही, बंद करा. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने कॅमेरे फोनवर दिसावेत म्हणून राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग', म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यांपर्यंत येणारी वाट, करून ठेवलं असेल, तर तेही तपासा. कंपनीच्या ॲपवर कॅमेरे तसेही दिसत असतील तर ते काढून टाका, आणि डीव्हीआरचा कारखानी पासवर्ड आजच बदला. तिसरी 'यूपीएनपी'. घरातल्या वस्तू तुम्हाला न विचारता बाहेरची दारं उघडतात ती हिच्यामुळे. ऑनलाइन गेम खेळणारं कुणी घरात असेल तर बंद केल्यावर एकदा त्यांना विचारून घ्या.

सोडून द्यायच्या गोष्टी: वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर. नाव लपवलं तरी साध्या साधनाने ते दिसतं, उलट तुमचा फोनच जाईल तिथे त्या लपलेल्या नावाला हाका मारत फिरतो. मॅक फिल्टरमध्ये प्रत्येक फोनचा वायफायवरचा यंत्रक्रमांक (मोबाइल नंबर नव्हे) नोंदवायचा असतो, पण तो क्रमांक कुणालाही नकली धारण करता येतो, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासूनचे फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक वायफायवर वेगळाच क्रमांक सांगतात. मनस्ताप फक्त घरच्यांना.

आता घरच्यांसाठी: क्यूआर कोड

तुमचा अँड्रॉइड फोन १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा असेल, तर सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावासमोरचं चक्र दाबून 'शेअर' निवडा. पडद्यावर क्यूआर कोड येतो. दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्यावर धरला की झालं. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून 'पासवर्ड्स' ॲपमध्ये वायफायचा क्यूआर मिळतो. दोन्ही फोनवाले एकमेकांच्या संपर्कयादीत असतील, तर फोन जवळ आणूनही आयफोन पासवर्ड पुढे देतो.

गेस्ट नेटवर्कचा क्यूआर छापून हॉलमध्ये, शक्यतो बाहेरच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी लावा. मामा आले, मैत्रिणी आल्या, एसीवाला आला, सगळ्यांनी तोच वापरायचा. मुख्य नेटवर्कचा क्यूआर मात्र फाइलमध्ये. घरच्यांना एक गोष्ट नीट समजावा: या चौकोनात पासवर्ड उघडा, जसाच्या तसा लिहिलेला असतो. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला म्हणजे पासवर्डच गेला.

नवा स्मार्ट बल्ब किंवा प्लग जोडताना फोन आधी गेस्ट नेटवर्कवर आणा, व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) असेल तर बंद करा, ॲपने ब्लूटूथ आणि स्थानाची परवानगी मागितली तर तेवढ्यापुरती द्या. गेस्ट नेटवर्कवर 'आयसोलेशन' (वस्तूंना एकमेकींशी बोलू न देणारी सेटिंग) चालू असल्यास जोडणीपुरतं बंद करून नंतर पुन्हा चालू करावं लागू शकतं. खोक्यावर 'मॅटर' (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंची सामाईक पद्धत) हे चिन्ह असेल तर सोबत एक कोड येतो. तो स्कॅन करून वस्तू जोडता येते, पण कोडाचा कागद टाकू नका, फोटो काढून ठेवा. वस्तू रीसेट केली तर तोच पुन्हा लागतो.

आईबाबा गावी, आपण दूर

मुलगा पुण्यात किंवा सॅन होजेमध्ये आणि राउटर नाशिकला, अशी परिस्थिती आता घरोघरी आहे. शक्य असेल तर हे सगळं सुट्टीत गेल्यावर स्वतः करा. फोनवरून करायचंच असेल तर व्हिडिओ कॉल त्यांच्या मोबाइल डेटावर लावा, वायफायवर नको, कारण नाव बदलताक्षणी कॉल तुटेल आणि दोन्ही टोकांना घाबरगुंडी उडेल. आधी राउटरखालच्या लेबलचा फोटो मागवा. पासवर्डाचे शब्द दोघांना उच्चारायला सोपे वाटतील असेच निवडा.

आणि त्यांना एक नियम घालून द्या: "इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमचं वायफाय हॅक झालंय, हे ॲप टाका" असा फोन आला तर काहीही न करता ठेवून द्यायचा आणि आपल्याला कळवायचं. राउटरमधलं काहीही फक्त आपल्या घरच्या माणसाचा फोन आल्यावरच बदलायचं. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

पुढची देखभाल

रोज बघत बसण्यासारखं यात काही नाही. दसऱ्याला आपण घरातली यंत्रं पुसून त्यांना झेंडूचं फूल वाहतो, त्याच दिवशी राउटरचं पान उघडून अपडेट आलंय का आणि जोडलेल्या वस्तूंची संख्या तुमच्या कागदाशी जुळते का, ते बघा. यादीत अनोळखी नावं दिसली म्हणून लगेच घाबरू नका, फोन वेगवेगळे क्रमांक सांगतात हे वर आलंच आहे. संख्या जुळत नसेल तर मुख्य पासवर्ड बदला. बल्ब आणि प्लग वेगळ्या नेटवर्कवर असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही, घरच्यांना नवा क्यूआर एकदा स्कॅन करावा लागतो, प्रिंटर आणि टीव्ही तेवढे हाताने जोडायचे. फोन हरवला किंवा बरीच वर्षं राहिलेला भाडेकरू गेला, तरीही हेच करायचं.

तंत्रज्ञ दुरुस्तीला येऊन गेला की त्याच संध्याकाळी एकदा तपासा. डबा बदलताना किंवा रीसेट करताना सगळं मूळपदावर जातं आणि मोबाइल नंबर पुन्हा पासवर्ड म्हणून बसतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला कागद त्याच्या हातात देऊन "हेच नाव, हाच पासवर्ड टाका" असं सांगितलंत तर घरातलं एकही यंत्र तुटत नाही. तो गेल्यावर ॲडमिनचा पासवर्ड मात्र स्वतः बदला. आणि जुना राउटर भंगारवाल्याला किंवा कंपनीला परत देण्याआधी मागच्या बारीक भोकात पिन घालून दिवे लुकलुकेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरा. तुमचं नाव, पासवर्ड आणि कनेक्शनचा लॉगिन त्यातून पुसला गेला की मगच तो घराबाहेर जाऊ द्या.